मागणारा आणि बांधणारा
(पिंपळी येथील भाषण)



विमान चालविणे निराळे, बांधणे निराळे. एअर चीफ मार्शल लक्ष्मण माधव कात्रे यांना दोन्ही बाजूंचा अनुभव होता. हवाई दलात वैमानिक म्हणून हयात घालविल्यावर ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे अध्यक्ष झाले. दलाला विमान वेळेवर आणि निर्दोष हवे असते. कारखान्याला आराखडे, सुटे भाग, कुशल कारागीर यांचा मेळ घालावा लागतो. मग दोघांत पत्रव्यवहार वाढतो. कचेरीतील मंडळींना हे सांगायला नकोच! कालपर्यंत मागणी करणाऱ्या कात्रे यांच्यावर आता ती पुरविण्याची जबाबदारी आली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील मोलाचा भाग हाच. भारतीय बनावटीच्या हलक्या लढाऊ विमानाच्या योजनेस १९८३ मध्ये मंजुरी मिळाली, ती याच सुमारास.

सप्टेंबर १९८४ मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले, म्हणजे पुन्हा मागणाऱ्याच्या खुर्चीत आले. पण अवघे दहा महिने. १ जुलै १९८५ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

ते विमान, म्हणजेच तेजस, ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडाले. नाशिकजवळच्या ओझर येथे, जेथे पूर्वी मिग-२१ तयार होत, तेथे बांधलेले पहिले तेजस मार्क १-ए आकाशात झेपावले ते १७ ऑक्टोबर २०२५ रोजी.