नौकाविद्येचे दान



सन १९१२ मध्ये, यंत्रनौका अजून नवीन असता, अमेरिकेतील बोस्टन यॉट क्लबाचे रॉजर अप्टन यांनी नौकास्वामींना एकत्र करून नौकानयनाचा अभ्यास आरंभिला. त्यातूनच १९१४ साली ‘युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वॉड्रन्स’ ही संस्था उदयास आली. होकायंत्र, सागरी नकाशा व जलमार्गाचे नियम यांचे ज्ञान तिचे सभासद ठिकठिकाणच्या शाखांत विनावेतन देत आले. स्त्रियाही तेथे शिकत. परंतु पूर्ण सभासदत्व त्यांस १९८२ सालीच लाभले. हा विलंब आम्हांस बोचतो. विद्या द्यावयाची आणि आसन नाकारावयाचे, हा न्याय नव्हे. आपल्या मंडळांतही ज्यास शिकविले, त्यास आपणाशेजारी बसवावे, एवढीच आमची विनंती.