बीआयएमसाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ हवी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. आज ती धडधाकट आहे, पण पुढेमागे पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणारच. तो स्वयंपुनर्विकासाचा असला तर मध्ये बिल्डर नाही, कर्ज थेट सोसायटीच्या नावावर. त्या वेळी आर्किटेक्ट एक शब्द हमखास काढतील: बीआयएम. त्यासाठी पैसे कसे राखायचे, एवढंच आज सांगतो.

बीआयएम म्हणजे इमारत जमिनीवर उभी करण्याआधी संगणकात उभी करणं. नुसतं चित्र नव्हे. भिंत, तुळई, पाइप यांची मापं आणि माहितीही त्यात असते. ड्रेनेजचा पाइप तुळईतून जातोय हे स्लॅब भरल्यावर कळलं तर फोडाफोड आली. मॉडेलमध्ये ते आधीच दिसतं. नागपूर मेट्रोने वेळापत्रक आणि खर्चही मॉडेलला जोडले होते. आपल्याला एवढं नको.

दर चौरस फुटावर सांगतात, पण फी ठरते तपशिलावर. त्याला एलओडी म्हणतात. 100 म्हणजे ढोबळ आकार, 300 म्हणजे नेमकी मापं, 350 म्हणजे शेजारच्या कामांशी जोडणीसुद्धा, आणि 400 म्हणजे कारखान्यात सुटे भाग बनवता येतील इतका तपशील. माझ्या मते सगळी इमारत 300 वर पुरे. फक्त डक्ट, संडास-बाथरूम, पंपरूम आणि गच्चीवरच्या टाक्या 350 वर. 'सगळं 400 वर देतो' म्हणणाऱ्याला विचारा, कशासाठी?

दुसरा खड्डा बदलांचा. आपल्याकडे ओटा कुठे हवा यावर प्रत्येक घरात दोन मतं! (हसू नका, आमच्याकडे तीन आहेत.) किती फेरबदल फीमध्ये धरलेत आणि पुढच्या प्रत्येक बदलाला किती, हे करारात लिहून घ्या. नकाशे सभेत मंजूर झाल्याशिवाय सविस्तर मॉडेल सुरूच करू नका.

ही रक्कम सल्लागाराच्या एकूण फीमध्ये मिसळू देऊ नका. मग कशाचे किती दिले, ते ऑडिटरलाही सांगता येत नाही. वर 18 टक्के जीएसटी धरा. समजा फी 10 लाख, तर खिशातून 11 लाख 80 हजार. समन्वय बैठका, साइटवरच्या भेटी फीमध्ये आहेत का, तेही बघा.

बांधकाम कर्ज बँक एकदम देत नाही, काम बघून हप्ता सोडते. इथेही तसंच. मॉडेल दिलं म्हणून हप्ता नाही; टकरींचा अहवाल आला, इंजिनिअरने त्या सोडवून सही केली, मग हप्ता. निदान पंधरा टक्के शेवटपर्यंत राखा. इमारत प्रत्यक्षात जशी बांधली गेली तसं दुरुस्त केलेलं मॉडेल, मूळ फाइल आणि कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला वाचता येईल अशी आयएफसी फाइल, तिन्ही सोसायटीच्या दप्तरी जमा झाल्यावरच तो चेक काढायचा. मॉडेलची मालकी सोसायटीची, हे कलम करारात पहिल्याच पानावर हवं.