अलिबाग की मुरुड?

थंडीत रायगड किनारी यायचं तर अलिबाग की मुरुड? एकाच दिवसाची सवड असेल तर अलिबाग. मुंबईच्या गेटवेहून लाँचने मांडवा आणि पुढे बस. मात्र तिथला समुद्रातला कुलाबा किल्ला पाहायचाय तर आधी ओहोटीची वेळ विचारा. ओहोटीला माणसं चालत किल्ल्यात जातात, भरतीत वाट पाण्याखाली. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची माहिती आज उपयोगाची नाही. मुरुड पन्नासेक किलोमीटर पुढे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा किल्ला, तिथली कलालबांगडी तोफ, शिवाय जवळच फणसाड अभयारण्य. दोन दिवस हाताशी असतील तर आमचं मत मुरुडलाच!