मुलाबाळांसह पावागड
(ट्रस्टच्या महोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या कौटुंबिक संमेलनातील भाषण)



महोत्सवी वर्षात सर्व सभासदांनी मुलाबाळांसह एक दिवस पावागडावर पायी जावे, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवली, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "अहो, रोपवे असताना पायऱ्या कशाला झिजवायच्या?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच आज मी उभा आहे. ते देताना माझ्या हातून घडलेली एक चूकही मला सांगावी लागणार आहे, कारण तिच्यातूनच मी जे काही शिकलो ते शिकलो.

प्रथम गडाविषयी दोन शब्द. पावागड आपल्या वडोदऱ्यापासून सुमारे पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटरवर आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास. सपाट मुलखात तो एकटाच उभा असल्याने आहे त्याहून उंच भासतो. लाव्हारसापासून सह्याद्रीचे खडक बनले, त्याच काळातील ज्वालामुखीच्या उद्रेकांतून हा डोंगरही घडला. म्हणजे कोकणातून, देशावरून पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या आपल्या घराण्यांना हा दगड अगदीच परका नाही. गडाच्या मध्यावरील सपाटीला लोक 'मांची' म्हणतात. राजगडाची सुवेळा माची, पद्मावती माची ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ते नाव ऐकताच घरच्यासारखे वाटेल. अठराव्या शतकात हा गड मराठ्यांच्या हाती आला आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या अमलाखाली राहिला. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, १८०४ मध्ये शिंद्यांना परत केला, आणि १८६१ मध्ये पंचमहालाबरोबर तो कायमचा इंग्रजांकडे गेला.

परंतु याहून जवळचे नाते आणखी एक आहे. आपल्या कमाटीबागेतून वाहणारी विश्वामित्री त्याच डोंगरातून निघते. २०२४ च्या ऑगस्टात तिचे पाणी आपल्यापैकी कित्येकांच्या घरात शिरले. सामान माळ्यावर चढवताना, मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या ऐकताना, आपण सर्वांनी त्या नदीला नावे ठेवली. पण ती उगम पावते तो डोंगर आपल्या किती मुलांनी पायांखालून घातला आहे? देवीच्या दर्शनाला बहुतेक सर्व घरे जातात. मोटारीने मांची, रोपवेने वर, दर्शन, प्रसाद, आणि दुपारच्या जेवणाला घरी. दर्शन घडते, डोंगर मात्र राहून जातो.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी तीन कुटुंबे मिळून आम्ही भाद्रपदात गडावर निघालो. पुढारी मी. मला चालण्याचा अभिमान होता, आणि दोन-तीन तरुण मुले माझ्या पायाला पाय लावून चालत होती. आम्ही पुढे निघालो. माझी आई, तेव्हा सत्तरीची, आणि आठ वर्षांची पुतणी मागे राहिल्या. प्रत्येक थांब्यावर आम्ही त्यांची वाट पाहत बसायचो, आणि त्या येऊन टेकल्या की आम्ही उठायचो. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती भरपूर मिळाली, आणि जिला होती तिला मुळीच मिळाली नाही. हे त्या वेळी माझ्या लक्षातही आले नाही.

मांचीच्या वर ढग उतरले. दहा पावलांवरचे दिसेना. आई दम घ्यायला एका पायरीवर टेकली आणि तिने डोळे मिटले. तेवढ्यात पुतणी माकडाच्या पिलामागे पायऱ्या सोडून पडक्या भिंतींच्या बाजूला गेली. आम्ही खाली परत आलो तो आई एकटीच उभी राहून हाका मारत होती. पुढची चाळीस मिनिटे कशी गेली ते सांगवत नाही. कडा किती लांब आहे हे मला ठाऊक होते. मी धावत होतो, ओरडत होतो, आणि माझ्याच आवाजामुळे मला दुसरे काही ऐकू येत नव्हते.

शेवटी ती सापडली. एका भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, ती स्वस्थ बसली होती. हलली का नाहीस, असे विचारले तेव्हा म्हणाली, "आजीने सांगितले होते, वाट चुकली की आहेस तिथेच बसायचे, शोधणारे येतात." ती धुक्यात दहा पावले जरी पुढे गेली असती तरी काय झाले असते, हा विचार मी आजही पुरा करीत नाही. परतीच्या वाटेवर आई माझ्याशी बोलली नाही. गाडीत बसताना एवढेच म्हणाली, "डोंगर काही पळून जात नव्हता."

मित्रहो, तेव्हापासून मी माझे नियम बदलले. ते थोडके आहेत, आणि सहल ठरलीच तर सर्वांनी पाळावे अशी विनंती आहे.

पहिला नियम, सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे. त्याच्या मागे बाकीचे. अगदी शेवटी एक जाणता माणूस, ज्याच्या मागे कोणीही राहायचे नाही. मूल पुढे असले की त्याचे पाय आपोआप उत्साहाने पडतात. तेच मूल मागे राहिले की रडवेले होते.

दुसरा नियम, परतण्याची वेळ घरीच ठरवावी. पहाटे निघून कोवळ्या उन्हात चढायला लागावे, आणि घड्याळात बारा वाजले की जेथे असू तेथून मागे फिरावे. शिखर राहिले तरी चालेल. पुष्कळदा माणूस पडतो तो उतरताना. पाय थकलेले, गुडघे थरथरणारे आणि मन घरी पोहोचलेले. उतरण्यासाठी अंगात ताकद राखली पाहिजे.

तिसरा नियम आईचा. चुकलास तर बस. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी बांधावी. तीनदा वाजवून थांबावे, पुन्हा तीनदा वाजवावे. खिशात मोबाईल आहे म्हणून कोणी बेफिकीर राहू नये.

चौथा, पाणी आणि खाणे. मोठ्या माणसामागे दोन लिटर पाणी घ्यावे, आणि तहान लागण्याआधी घोटघोट प्यावे. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, लिंबू, आणि आता आपल्या घरचेच झालेले थेपले पुरेत. माकडांना काही घालू नये, आणि पिशवी उघडी हातात धरू नये. नवे बूट त्या दिवशी काढू नयेत. वापरून सैल झालेलेच बरे.

पाचवा, दिवसाची निवड. चैत्र आणि आश्विनातील नवरात्रात गडावर अपार गर्दी असते. तेव्हा दर्शनाला अवश्य जावे, लहान मुलांना चालायला शिकवण्यासाठी मात्र जाऊ नये. भर पावसात पायऱ्या निसरड्या होतात, आणि उन्हाळ्यात दगड तापतो. मार्गशीर्ष, पौष, माघ हे महिने उत्तम.

राहिला रोपवेचा प्रश्न. मी रोपवेचा वैरी नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना दम लागतो, ज्यांच्या कडेवर तान्हे मूल आहे, त्यांनी मांचीहून रोपवेने यावे आणि वर दुधिया तलावापाशी आमची वाट पाहावी. त्या दिवशी मी आईला हा पर्याय दिला नव्हता. चालणाऱ्यांनी चालत, बसणाऱ्यांनी बसून, आणि जेवण सर्वांनी एकत्र, अशी सहल असावी.

आता मुले विचारतील, चालताना पाहायचे काय? पायथ्याला चांपानेर आहे. महमूद बेगड्याने सुमारे वीस महिन्यांच्या वेढ्यानंतर १४८४ मध्ये गड घेतला आणि येथे आपली राजधानी वसवली. तेथील जामी मशिदीचे १७२ खांब मुलांनाच मोजू द्यावे. १५३५ मध्ये हुमायूनच्या माणसांनी खडकात लोखंडी मेखा ठोकून रात्री कडा चढला. तो कडा खालून दाखवावा आणि ही गोष्ट सांगावी, म्हणजे पुढच्या शंभर पायऱ्यांची कुरकुर थांबते. वर लकुलीशाचे मंदिर आहे, दहाव्या-अकराव्या शतकातले, गडावरील सर्वांत जुने. त्या लकुलीशाचे जन्मस्थान परंपरेने आपल्याच जिल्ह्यातले कारवण मानतात. धान्याची कोठारे आहेत, दरवाजे आहेत, पावसाचे पाणी धरणारे तलाव आहेत. वेढ्यात माणसे एवढे दिवस काय प्याली असतील, हा प्रश्न तलावाच्या काठी बसलेल्या मुलाला आपोआप पडतो. माथ्यावर कालिकामातेचे मंदिर. त्याचा जीर्णोद्धार होऊन २०२२ मध्ये नव्या शिखरावर ध्वज चढला. डोंगर आणि चांपानेर मिळून हा सारा परिसर २००४ पासून जागतिक वारशात गणला जातो. तेव्हा भिंतीवर नाव कोरू नये आणि कागद, पिशवी, बाटली जे नेले ते परत आणावे. आपण तेथे टाकलेले पावसाबरोबर कोठे येते, हे विश्वामित्रीकाठी राहणाऱ्यांना मी सांगावयास नको.

आपल्या संस्थेने इतक्या वर्षांत शिष्यवृत्त्या दिल्या, औषधपाण्याला मदत केली, अडचणीतल्या घरांच्या पाठीशी उभी राहिली. त्या साऱ्या कामाचे मर्म मला त्या एका नियमात दिसते. ज्याचे पाऊल सर्वांत लहान, त्याच्या बेताने बाकीच्यांनी चालायचे. मोजदाद करायची ती किती जण वर पोहोचले याची नव्हे, किती जण सोबत परतले याची.

माझी पुतणी आता मोठी झाली आहे. ठरल्यास या सहलीत ती शेवटच्या माणसाचे काम करणार आहे. ते तिने स्वतःहून मागून घेतले. माझी आई आज हयात नाही. असती तर मांचीहून रोपवेने वर आली असती, आणि दुधिया तलावाच्या काठी दशम्या सोडून बसली असती. नावे देण्यासाठी वही दाराजवळ ठेवली आहे. लहान मुलांची नावे पहिल्या पानावर लिहावीत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.