नवी मोटारसायकल की जुनीची दुरुस्ती?



सोयाबीनची रास घरात येते, दसरा-दिवाळी तोंडावर येते आणि मंडळींचे लक्ष तालुक्याच्या शोरूमकडे वळते. जुनी मोटारसायकल धूर सोडते, चढाला दम खाते. मग घरात विषय निघतो, "आता नवीच घेऊ, हप्त्याने मिळते!" गाडी ही चैन आहे असे मी म्हणणार नाही. डेअरीला दूध, खताची गोणी, दवाखाना, सारे तिच्यावरच चालते. पण कर्ज काढण्यापूर्वी पाटी-पेन्सिल घेऊन बसा.

कर्जाचा हिशेब

समजा, नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ९५ हजार रुपये पडतात. जुनी १५ हजारांना दिली आणि ८० हजारांचे कर्ज ३ वर्षांसाठी घेतले. विक्रेता सांगतो, "व्याज फक्त १० टक्के." हे व्याज बहुधा फ्लॅट असते. म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८० हजारांवरच धरतात. ३ वर्षांचे व्याज झाले २४ हजार, एकूण फेड १ लाख ४ हजार आणि महिन्याचा हप्ता सुमारे २,८८९ रुपये. राहिलेल्या बाकीवर व्याज धरणाऱ्या कर्जाशी तुलना केली, तर हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून दर विचारताना "फ्लॅट की घटत्या बाकीवर?" हे आधी विचारा.

जुनीचा हिशेब

आता जुनी गाडी घेऊ. इंजिनचे काम, चेनसेट, टायर असे मिळून १२ हजार लागले आणि ती आणखी २ वर्षे चालली, तर महिन्याला ५०० रुपये पडले. किरकोळ कामाला ३०० धरा. महिन्याला ९०० किलोमीटर फिरणे आहे. नवी लिटरला ६० देते, जुनी ४५. म्हणजे जुनीला ५ लिटर पेट्रोल जास्त. लिटरला १०५ रुपये धरले, तर ५२५ रुपये झाले. सगळे मिळून १,३२५. नव्या गाडीचा नुसता हप्ताच याच्या दुपटीहून अधिक आहे, बरं का!

तीन वर्षांनी नवी गाडी आपली होते, हे खरे. पण दोन्हींतला फरक, महिन्याला दीड हजार, २ वर्षे बाजूला टाकलात तर ३६ हजार जमतात. मग कर्ज निम्म्यावर येते.

हप्ता दर महिन्याला, पीक मात्र हंगामाला

खरी मेख इथे आहे. नोकरदाराला पगार महिन्याला येतो, आपल्याला पैसा सुगीला. जून ते सप्टेंबर बियाणे, खत, खुरपणी, फवारणी, नुसता खर्चच. त्या चार महिन्यांचे हप्ते होतात ११,५५६ रुपये. डीएपीची गोणी १,३५० रुपये धरली तर आठ गोण्यांचा हा पैसा आहे. गाडीच्या हप्त्यासाठी पिकाचे खत तोडू नका. पीककर्जाची रक्कमही हप्त्यात घालू नका. पीककर्ज थकले, तर व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज अडते.

नवी केव्हा घ्यावी?

गाडीची फ्रेम तडकली असेल, ब्रेकचा भरवसा उरला नसेल, किंवा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीएवढा होत असेल, तर तिच्यात पैसा घालू नये. नोंदणीला १५ वर्षे झाली की आरटीओकडे तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. त्यात गाडी उतरणार नसेल तर बदला. दुधाचा पगार दर दहा-पंधरा दिवसांनी येत असेल आणि हप्ता त्यातून सहज निघत असेल, तर कर्जाला हरकत नाही.

मात्र कोऱ्या कागदावर सही करू नका. एकूण फेड किती, दंड किती, मुदतीपूर्वी फेडल्यास काय, हे लेखी घ्या. हप्ता सहामाही मिळतो का, तेही विचारा. ट्रॅक्टरच्या कर्जाला तशी सोय असते. कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आरसीवरचे सावकाराचे नाव कमी करून घ्या. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवतो, तसेच हे.

जुनीच ठेवायची ठरली, तर ऑइल वेळेवर बदला, चेनला वंगण द्या आणि शेतरस्त्याच्या धुळीने एअर फिल्टर बुजतो, तो साफ ठेवा. गाडीची एक वही घाला. पेट्रोल, दुरुस्ती, किलोमीटर तारखेनिशी लिहा. वर्षभराने ती वही घरातल्या सर्वांसमोर उघडा आणि कारभारणीला विचारूनच निर्णय घ्या.