डोक्यातील कोंडा आणि मनातील संकोच
(वर्षावासानिमित्त धर्मापुरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





वर्षावासाच्या व्याख्यानांत धम्मावर, संविधानावर, शिक्षणावर बोलले जाते. आम्ही मात्र डोक्यातील कोंड्यावर बोलणार आहोत. विषय ऐकून काहीजण हसले. हसणे साहजिक आहे. पण या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीने एक मुलगी आठ दिवस शाळेविना घरात बसली, हे ऐकल्यावर आपण हसणार नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील कारकून. पण जे ठेच लागून शिकलो, ते समाजबांधवांना सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ती मुलगी आमच्याच घरातली. तेव्हा ती नववीत होती. गणवेश गडद निळा, त्यामुळे खांद्यावर पडलेला पांढरा भुसा लांबूनही दिसायचा. एके दिवशी वर्गात सर्वांसमोर तिला विचारले गेले, "तुमच्या वस्तीत आंघोळीला पाणी मिळत नाही का?" प्रश्न कोंड्याचा होता, पण बोट वस्तीकडे दाखवले गेले. मुलगी घरी आली ती पुन्हा शाळेत जायला तयार होईना. आणि आम्ही काय केले? तिची बाजू घ्यायची सोडून आम्हीही तिलाच रागावलो. "नीट न्हात नाहीस, म्हणून हे ऐकून घ्यावे लागते," असे म्हणालो. मग कपड्याच्या साबणाने रोज डोके धुण्याचा सपाटा लावला. टाळू कोरडी पडून ताणू लागली, तेव्हा कोणी सांगितले म्हणून वाटीभर तेल थापले. कोंडा कमी झाला नाही, उलट खाज वाढली. आठव्या दिवशी शहाणपण सुचले आणि आम्ही अंबाजोगाईला एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी औषध लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारले. हातापायांची कातडीही कोरडी आहे का? नाकाच्या कडेला, भुवयांत, कानामागे असाच चिकट भुसा दिसतो का? आणि आतापर्यंत डोक्याला काय काय लावले? या तीन प्रश्नांतच सगळे निदान होते. आमच्या घरी मूळचा कोंडा होता आणि साबणाने आणलेला कोरडेपणा त्यावर चढला होता. दोन वेगळी दुखणी आम्ही एकच समजत होतो. एकाचा उपाय दुसऱ्याला करत होतो.

बुद्धाने दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले, दुःखाचा निरोध सांगितला आणि मग मार्ग सांगितला. कारण न पाहता मार्गाला लागणारा भलतीकडेच पोहोचतो. म्हणून आधी कारण पाहू.

खरा कोंडा हा घाणीचा रोग नव्हे. प्रत्येक माणसाच्या डोक्यावर, गरिबाच्या आणि श्रीमंताच्या, एक अतिसूक्ष्म बुरशी राहते. फ्रान्समधील मालासे या शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून आज तिला मालासेझिया म्हणतात. डोक्याच्या कातडीतून जो तेलकटपणा पाझरतो त्यावर ती जगते. तो तेलकटपणा फोडताना काही आम्ल पदार्थ तयार होतात. ज्यांच्या कातडीला ते सोसत नाहीत, त्यांना खाज सुटते. कातडीचा वरचा थर एरवी साधारण महिनाभरात नकळत बदलतो, तो मग घाईघाईने आणि गठ्ठ्यांनी सुटू लागतो. हाच कोंडा. वयात येताना कातडीचा तेलकटपणा वाढतो, म्हणून कोंडा बहुधा त्याच वयात सुरू होतो. पुरुषांत तो अधिक आढळतो. थंडीत, जागरणात, परीक्षेच्या ताणात वाढतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा कोंडा असलेल्या मुलीला वेगळे बसवण्याचे काहीही कारण नाही.

कोरडी टाळू ही याच्या उलट. येथे तेलकटपणा जास्त नसतो, कमी पडलेला असतो. कडक साबण, कढत पाणी, हिवाळ्यातील कोरडी हवा, वाढते वय, ही त्याची कारणे. कातडी पाण्यावाचूनच्या रानासारखी भेगाळते आणि तिची बारीक साल सुटते.

आता घरच्या घरी ओळखायचे कसे? काळा कपडा अंथरून त्यावर मान वाकवून फणी फिरवावी. पडलेला भुसा मोठ्या खपल्यांचा, पिवळसर, बोटांत चोळला तर तेलकट लागणारा आणि केसांना चिकटणारा असेल, टाळू लालसर व तेलकट असेल, नाकाच्या कडेला वा भुवयांतही तसेच दिसत असेल, तर तो कोंडा समजावा. भुसा पिठासारखा बारीक, पांढरा, कोरडा, आपोआप गळणारा असेल, टाळू ताणल्यासारखी वाटत असेल आणि नडग्या, हात हेही कोरडे असतील, तर ती कोरडी टाळू. खाज दोन्हींत असते, म्हणून खाजेवरून निवाडा करू नये.

आपल्या भागात एक तिसरा फसवा प्रकार आहे. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात साबण लावला की साबणाचा चुना-मिश्रित साका तयार होऊन केसांना चिकटतो. वाळल्यावर तो हुबेहूब कोंड्यासारखा दिसतो. त्याला औषध लागत नाही. अंगाचा साबण डोक्याला लावणे बंद करावे, थोडा शाम्पू वापरावा आणि शेवटचे दोन तांबे शक्य तर पावसाच्या साठवलेल्या पाण्याचे घ्यावेत.

आता मार्ग. आधी कोंड्याचा.

औषधी दुकानात केटोकोनॅझोल २ टक्के असलेला शाम्पू मिळतो. जाहिरातीतील चेहरा न पाहता बाटलीवरील हे नाव वाचावे. केस ओले करून तो केसांना नव्हे तर टाळूला बोटांनी लावावा, तीन ते पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि मग धुवावे. आपली चूक इथेच होते. लावला की लगेच पाणी ओततो आणि औषधाला काम करायला वेळच देत नाही. आठवड्यातून दोनदा, असे दोन ते चार आठवडे करावे. नंतर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पुरते. झिंक पायरिथिओन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेले शाम्पूही उपयोगी पडतात. लहान मुले आणि गरोदर भगिनी यांच्यासाठी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. कोंडा कायमचा जात नाही, कारण ती बुरशी आपल्या कातडीवर राहणारच. पण तो ताब्यात राहतो. "एका बाटलीत मुळापासून नाहीसा" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तेलाने कोंडा बरा होत नाही. तेल लावल्यावर भुसा केसांना चिकटून दिवसभर दिसेनासा होतो, एवढेच. ज्यांना कोंडा आहे त्यांनी डोके तेलाने थबथबलेले ठेवून चार-चार दिवस वेणी बांधून फिरू नये. तेल लावायचेच तर न्हाण्याआधी तासभर लावून धुऊन टाकावे.

कोरड्या टाळूचा मार्ग वेगळा. येथे खोबरेल तेल खरोखर उपयोगी आहे. रात्री थोडेसे बोटांनी टाळूला लावावे आणि सकाळी कोमट पाण्याने व सौम्य शाम्पूने धुवावे. कढत पाणी टाळावे. रोज डोके धुऊ नये, आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. कपड्याचा साबण आणि धुण्याचा सोडा डोक्याजवळही आणू नये. दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. न पडल्यास आपले निदान चुकले असे समजावे.

लिंबू चोळणे, सोडा लावणे, उवांसाठी रॉकेल ओतणे हे प्रकार आपल्या वस्तीत अजून ऐकू येतात. लिंबाने आधीच सोललेली कातडी झोंबते. रॉकेलने तर भाजते आणि पेट घेण्याचा धोका असतो. कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेले खाजेचे मलमही लावू नये. त्यात बहुधा स्टेरॉईड असते. चार दिवस बरे वाटते, पण बुरशीचा रोग असेल तर तो आत पसरतो.

काही लक्षणे दिसली तर घरी थांबूच नये. लहान मुलाच्या डोक्यावर केस गळून गोल चट्टा पडला असेल, तर तो कोंडा नसून बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो फणी, टोपी, टॉवेल यांतून पसरतो आणि त्याला पोटातून गोळ्या लागतात. चांदीसारख्या जाड खपल्या कपाळापर्यंत आल्या असतील, कोपर-गुडघ्यांवरही असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. पू, सूज किंवा रक्त येणे हेही डॉक्टरांचे काम आहे. आणि केसांवरचा पांढरा ठिपका बोटाने सरकत नसेल, तर ती लिख होय. कोंडा सरकतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय आहे. तेथे केसपेपर काढायला लाज वाटू देऊ नये.

आमचे बरेच बांधव दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात. कोपीवर प्यायला पाणी मिळाले तरी पुष्कळ, तेथे माय-भगिनींनी न्हावे कशात? २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. पाण्याचा तुटवडा हा माणसाचा अवगुण नव्हे. अशा ठिकाणी औषधी शाम्पूच्या दोन पुड्या सोबत असाव्यात. आठवड्यातून एकदा, बादलीभर पाण्यात, पाच मिनिटे थांबून धुतले तरी कोंडा पुष्कळ आटोक्यात राहतो. डोक्याला बांधायचा फडका मात्र ज्याचा त्याने वापरावा आणि उन्हात वाळवावा.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आपल्या स्त्रियांना राहणीमान आणि स्वच्छतेविषयी मुद्दाम चार गोष्टी सांगितल्या. त्यात माणसाला कमी लेखणे नव्हते, त्याला ताठ मानेने उभे करणे होते. आम्ही मात्र घरात स्वच्छतेचे नाव घेऊन मुलीची मान खाली घातली. स्वच्छता शिकवणे वेगळे आणि रोगाला घाण म्हणणे वेगळे. पहिले माणसाला वर उचलते. दुसरे काम तर इतकी शतके इतरांनी आपल्याबाबत केलेच आहे, ते आपण आपल्या लेकरांबाबत करू नये.

आपल्या आधीच्या पिढ्यांचे केस कापायला गावोगावी न्हावी नकार देत. आणि इकडे बुद्धाच्या संघात काय घडले? शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांनी त्यांचा न्हावी उपाली याला आपल्या आधी दीक्षा द्यावी अशी विनंती केली, जेणेकरून त्यांना त्याच्यापुढे वाकावे लागेल आणि कुळाचा अभिमान गळून पडेल. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. आजारी पडून स्वतःच्याच मळात लोळणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले. "तू घाण का आहेस?" असे विचारले नाही. आजाऱ्याकडे कसे पाहावे, याचा हा धडा आहे.

विद्यार्थी मित्रहो, कालाम सुत्तात बुद्धाने सांगितले की परंपरेने आले म्हणून किंवा मोठ्याने सांगितले म्हणून काही खरे मानू नका, स्वतः पडताळून पाहा. आमचे म्हणणेही तसेच पडताळा. काळा कपडा अंथरा, फणी फिरवा, डोळ्यांनी पाहा आणि मगच उपाय करा. वर्गातील एखाद्या मुलीच्या खांद्यावर भुसा दिसला तर हसू नका. तिला बाजूला घेऊन औषधाचे नाव सांगा.

आमच्या मुलीचे पुढे काय झाले, हे अध्यक्षांनी मघाशी विचारले. नवव्या दिवशी ती शाळेत गेली, कोंडा असतानाच गेली. महिनाभरात तो बराच कमी झाला. अजूनही थंडीत थोडा येतो, मग ती आपला आपण शाम्पू लावते. शाळेत जाऊन आम्ही शांतपणे सांगितले की हा रोग आहे, वस्तीचा दोष नाही. आमचे म्हणणे तेथे ऐकून घेतले गेले. पण त्याआधी घरी आम्हाला एक काम करावे लागले. आम्ही तिची माफी मागितली. या साऱ्या प्रकरणात तेच सर्वांत अवघड गेले आणि तेच आधी करायला हवे होते.



नमो बुद्धाय! जयभीम!