निरंक अहवालाचा धसका



अध्यक्षाने आधी संयोजकांचे आभार मानायचे, मग स्वतःची अपात्रता सांगायची आणि त्यानंतर तासभर बोलायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आभार मी मनापासून मानते. अपात्रतेचा भाग गाळते, कारण सगळी नोकरी याच महिला व बालविकास खात्यात काढली आहे. आणि तासभर बोलणार नाही, कारण तुम्हा प्रकल्प अधिकारी आणि पर्यवेक्षिकांपैकी निम्म्या जणींना संध्याकाळची एसटी गाठायची आहे, आणि उद्या सकाळी कुणाची ना कुणाची व्हीसी असणारच.

जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग सांभाळणे म्हणजे नेमके काय, एवढाच माझा विषय. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्यानंतर आपल्या विभागाच्या डोक्यावर किती ओझी चढली, ते तुम्हाला सांगायला नको. सहा वर्षांपर्यंतचे मूल अंगणवाडीत, म्हणजे आपल्याकडे. त्याच मुलाची आई वारली आणि बाप परागंदा झाला, की ते जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि बालकल्याण समितीपुढे जाते, म्हणजे दुसऱ्या कचेरीत. आपली फाइल नवी मुंबईच्या आयुक्तालयात, त्यांची पुण्याच्या. मूल तेच, त्याची आजीही तीच. ती बिचारी एका दारात आधार कार्डाची झेरॉक्स देते आणि दुसऱ्या दारात पुन्हा तीच मागतात. या दोन छपरांबद्दल आजवर अनेक अध्यक्षांनी तक्रार केली आहे. मी ती आणखी एकदा करत नाही. दोन्ही कचेऱ्यांचे अधिकारी आठवड्यातून एकदा एकत्र चहा घेऊ लागले तरी निम्मी अडचण सुटते, एवढेच माझे निरीक्षण आहे.

मला बोलायचे आहे ते मासिक प्रगती अहवालाबद्दल. तीव्र कुपोषित बालके: निरंक. बालविवाह: निरंक. तक्रारी: निरंक. असा अहवाल हातात आला की खात्यात कोणाला कसलीच काळजी वाटत नाही. मला तो पाहिला की धसका बसायचा.

याचे कारण आकड्यांतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. उंचीच्या मानाने वजन फारच कमी, म्हणजे ज्यांना आपण सॅम म्हणतो, अशी १०.९ टक्के. चाळीस मुलांच्या अंगणवाडीला सरासरी लावली तर चार मुले होतात. सर्वेक्षणाची पद्धत वेगळी, हंगाम वेगळा, हे सगळे मान्य. गावागणिक फरक पडतो, हेही मान्य. पण एका पर्यवेक्षिकेच्या बीटमधल्या एकूण एक अंगणवाडीत महिनोन्‌महिने सॅम निरंक राहत असेल, तर मुले सुधारलेली नाहीत. ती मोजलीच गेलेली नाहीत.

आणि मोजणे सोपे नाही, हे वर बसलेल्यांना उमगत नाही. दोन वर्षांखालचे मूल आडवे निजवून त्याची लांबी घ्यायची असते, दोन वर्षांवरचे उभे करून उंची घ्यायची असते. या दोन मापांत सुमारे पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो. लांबी घेताना एकीने डोके फळीला टेकवून धरायचे आणि दुसरीने गुडघे दाबून पाट सरकवायचा, म्हणजे माणसे दोन लागतात. मदतनिसाचे पद रिक्त असेल तर ती दुसरी कोण? मग मुलाची आई डोके धरते. मूल रडून निळे पडते आणि आई म्हणते, राहू द्या ताई, मागच्या महिन्याचंच लिहा. दंडघेराची पट्टी त्यामानाने बरी, कारण ११.५ सेंटिमीटरखाली गेली की लाल रंग दिसतो आणि वाद संपतो. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहतो का, तेही पाहायचे असते, कारण सुजेमुळे वजन भरते आणि काटा फसतो. हे सगळे करून अंगणवाडी सेविकेने एक सॅम मूल शोधले, तर तिच्या वाट्याला काय येते? पर्यवेक्षिकेचा फोन: अचानक कसं वाढलं? मग प्रकल्प अधिकाऱ्याची टिप्पणी. आणि आकडा जरा मोठा असला तर कारणे दाखवा नोटीस. पुढच्या महिन्यात तिने निरंक लिहिले, तर तिचे काय चुकले?

म्हणून आढावा बैठकीचा क्रम मी उलटा लावायचे. ज्या बीटमधून सॅम मुले सापडली, त्यांचे काम आधी ऐकायचे: ग्राम बाल विकास केंद्र सुरू झाले का, औषध आणि जादा आहार मिळाला का, गुंतागुंतीचे मूल पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचले का. निरंकवाल्यांना शेवटी थांबवायचे आणि दुसऱ्या बीटच्या पर्यवेक्षिकेकडून फेरमोजणी करून घ्यायची. पहिल्या तिमाहीत जिल्ह्याचा आकडा वर चढला आणि वर्तमानपत्रात बातमी आली, ‘जिल्ह्यात कुपोषण वाढले’. वरून विचारणा झाली. मी लेखी कळवले की कुपोषण वाढले नाही, मोजणी वाढली. ते पत्र लिहिण्यासाठी विभागप्रमुख लागतो. बाकीची कामे लिपिकही करतात, आणि आपल्याहून बरी करतात.

वाईट आकडा लपवण्याचा हाच रोग परदेशातही आहे. लंडनमधल्या हॅरिंगे या स्थानिक परिषदेत २००७ साली सतरा महिन्यांचे एक मूल घरातल्या छळाने दगावले. समाजसेवक, डॉक्टर, पोलीस मिळून साठेक वेळा त्याला पाहून गेले होते. त्याच वर्षी त्या परिषदेच्या बालसेवा विभागाला तपासणी यंत्रणेने ‘चांगला’ असा शेरा दिला होता. प्रकरण गाजले तेव्हा मंत्र्यांनी विभागप्रमुख शॅरन शूस्मिथ यांना थेट पत्रकार परिषदेत पदावरून दूर केले. २०११ साली अपील न्यायालयाने ती कारवाई बेकायदेशीर ठरवली. विभागप्रमुखाची जबाबदारी नव्हती, असे मला म्हणायचे नाही. पण कागदावरचा ‘चांगला’ आणि टीव्हीवरची बडतर्फी ही एकाच कारखान्यात तयार होतात. वाईट बातमी वेळेवर वर जाऊ द्यायची नाही आणि ती फुटली की एकाचे मुंडके उडवायचे, हे आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याला शिकवावे लागत नाही.

बालविवाहाच्या रकान्याचे दुखणे आणखी खोल आहे. त्याच पाचव्या फेरीत राज्यात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के. कायदा २००६चा, गावात प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक, त्याच्या मदतीला आपली सेविका, ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच. कागद भक्कम आहे. पण ज्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या जातात, तिथे मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. पोराचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. शिवाय पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईचा प्रश्न आहेच. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघण्याआधी लग्ने उरकतात, त्याचे कारण हे. तिथे नुसते पोस्टर लावून काय होणार? हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर काही पोरी वाचतात. ते डिसेंबरात सुरू झाले तर ते आपण आपल्या अहवालासाठी चालवतो.

आता लग्न थांबवण्याचे. १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन येतो आणि जीप गावात जाते. जीपमध्ये त्याच गावच्या सेविकेला बसवू नका, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आले. फोन कोणीही केलेला असो, गाव बोट दाखवते ते तिच्याकडे. जीप तासाभरात परत जाते, तिला मात्र त्याच पाणवठ्यावर उभे राहायचे असते. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी याच प्रकारचे सरकारी काम करत होत्या. बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केल्याचा सूड म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा विशाखा निकाल १९९७ साली आला, त्यामागे हे प्रकरण होते. देशाला त्यातून कायदा मिळाला, पण त्यांचे आरोपी सत्र न्यायालयातून सुटले. आपण सेविकेला प्रतिबंधाचे काम सांगतो तेव्हा हे सगळे आपल्याला ठाऊक असते. म्हणून माहिती देणाऱ्याचे नाव टिप्पणीत येता कामा नये. पथकाबरोबर शेजारच्या बीटची पर्यवेक्षिका जावी. आणि बंधपत्र घेऊन फाइल बंद करण्याची घाई नको, कारण आज थांबलेले लग्न पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यातल्या देवळात पहाटे लागते. मुलगी पुन्हा वर्गात बसली का आणि एकल आईच्या घरी बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये खरोखर जमा होतात का, हे ती अठराची होईपर्यंत पाहायचे. हा रकाना अहवालात नाहीच. तो वहीत आखून घ्यावा लागतो.

पैशांबद्दल थोडक्यात. स्वउत्पन्नाचा दहा टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो. त्यातून सायकली आणि शिलाई मशीन वाटण्याची आपली परंपरा तुम्हाला ठाऊक आहे. वाटपाला फोटो निघतो. अंगणवाडीच्या छपराला आणि नव्या काट्याला फोटो नाही. २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदांत बराच काळ प्रशासक होता. तेव्हा तरी छपरे झाली असतील, अशी माझी भाबडी समजूत होती.

आणि ज्यांच्या जिवावर हे सगळे चालते, त्या सेविका. २०२१ साली त्यांनी निकृष्ट मोबाइल परत केले, तेव्हा आपण त्याला आडमुठेपणा म्हटले. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा काही ठिकाणी कुलपे तोडून अंगणवाड्या उघडण्याचा उत्साह दाखवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्या मानसेवी आहेत म्हणून हक्क मागू नयेत आणि अहवालाला उशीर झाला तर मात्र कर्मचाऱ्यासारखी नोटीस घ्यावी, हे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येणार नाही.

दुपारच्या सत्रात ठराव मांडले जातील. माझी सूचना अशी की त्यात एक जोडावा: सॅम बालक किंवा बालविवाह स्वतःहून कळवणाऱ्या सेविकेस किंवा पर्यवेक्षिकेस केवळ आकडा वाढला म्हणून नोटीस काढू नये, आणि सलग सहा महिने निरंक कळवणाऱ्या बीटची फेरमोजणी बाहेरच्या पथकाकडून व्हावी. मसुदा मी सोबत आणला आहे. अनुमोदक मला तुमच्यातूनच हवा आहे, आणि शक्यतो ज्या बीटचा अहवाल निरंक असतो तिथला.